डोंगरातली मुळी

अक्का, तुमची बाटली काल आली.

माझ्या भावानं सोलापुराहून आणली. एक नव्हे, दोन. फौज आत शिरून रस्ता मोकळा झाल्याचं कळल्याबरोबर तो निघाला. संस्थानाच्या हद्दीवर, करोडगिरीच्या जकातनाक्यावर त्याला कुणी अडवलं नाही, कारण नाक्यावर आता कुणी उरलेलंच नाही. दारात पाय ठेवतानाच त्यानं पिशवीतून गोळ्यांच्या बाटल्या काढल्या आणि म्हणाला, वर्षभराची काळजी मिटली. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. टपाल बंद होतं, कळवणार कसं? मी बाटल्या हातात घेऊन अण्णांकडं पाहिलं, तर अण्णा उठून दुकानात निघून गेले. भावाला काय ते तेवढ्यानं समजलं.

तुम्हांला जाऊन आज एकवीस दिवस झाले. महिनाभर आधी रस्ता उघडता तर? हा हिशेब मी रोज करते आणि रोज माझं डोकं फिरतं. मला राग येतो. रस्त्याचा येतो, बाटलीचा येतो, माझा स्वतःचा तर येतोच, आणि खरं सांगायचं तर तुमचाही येतो. तुमच्यावर रागावायची सवय मला जुनी आहे, ती एवढ्यात जायची नाही.

मी या घरात आले तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबद्दल मला एकच गोष्ट सांगितली होती, की ती निजरी आहे, सदा पेंगणारी. तुम्ही चुलीपाशी बसलेल्या असायच्या. चैत्रातल्या उन्हात सगळं मुरुम गाव घामानं निथळत असायचं आणि तुमच्या अंगावर दुलई. गल्लीतल्या पिंजाऱ्यानं त्या दुलईत तीनदा कापूस वाढवून दिला होता. तोंड सुजलेलं, भुवयांची बाहेरची टोकं झडलेली, आवाज बाप्यासारखा घोगरा. एक शब्द बोलून दुसरा यायला इतका वेळ लागायचा की ऐकणाऱ्यानं तोवर विषय बदललेला असे. एक भाकरी थापेपर्यंत माझ्या चार व्हायच्या. मी सोलापूरची, मराठी सातवी झालेली, तोंडाळ. तुमचे डोळे मिटलेले बघून मी शेजारणीला म्हणाले होते, आमच्या घरात एक म्हैस बांधलीय, तिला वैरण तेवढी वेळेवर लागते.

लोक तुमच्यासमोर काय काय बोलायचे! कुणी म्हणे बाहेरचं आहे. कुणी म्हणे मूल नाही म्हणून मनावर परिणाम. अण्णांनी तुमच्यावर सवत आणावी, हे तर तुमच्या पायाशी बसून, तुम्ही केलेला चहा पीत बोलत. अण्णांनी ते ऐकलं नाही, एवढं मात्र त्यांचं मोठेपण. त्यांनी तुम्हांला सोनारीच्या भैरवनाथाला नेलं, हकिमाचे पाक चाटवले, आणि नऊ वर्षांनी तेही थकले.

पुढं तुम्ही बऱ्या होत आलात तेव्हा एकदा शेंगा फोडता फोडता तुम्ही मला म्हणालात, "डोळे जड व्हायचे गं सुशी. कान न्हाय." मी मान खाली घातली. म्हैस तुम्ही ऐकली होती. तुम्ही हसलात आणि मूठभर दाणे माझ्या ओंजळीत टाकलेत. मला वाटलं, प्रकरण तिथं संपलं. त्या वाक्याला दुसरंही एक टोक होतं, ते मला दिसलं नाही.

तुम्हांला सोलापूरला न्यायचं माझ्या हट्टानं ठरलं. मी दिवाळीला माहेरी निघाले होते, तुम्हांलाही गाडीत घातलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तुमची नडगी दाबली, गुडघ्यावर ठोकलं, तुम्हांला नाव विचारलं. नाव सांगायला तुम्हांला लागलेला वेळ ऐकूनच त्यांनी मान हलवली. किती वर्षं असं आहे, विचारलं. मी नऊ म्हटलं. "आणि नऊ वर्षं सगळे हिला आळशी म्हणत होते?" असं विचारून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

तुम्ही तोवर भिंतीकडच्या बाकावर टेकून डोळे मिटले होते. बाईंनी मला समजावलं. गळ्यात एक गाठ असते, अंगातली ऊब, चलनवलन सगळं तिच्यावर, आणि तुमची ती गाठ बंद पडली होती. औषध एकच. मेंढ्याच्या गळ्यातली तीच गाठ वाळवून केलेली गोळी. तुमच्या छातीवर लिंगाची चांदीची डबी त्यांना दिसत होती. "तुम्ही लिंगायत, म्हणून आधी सांगते," त्या म्हणाल्या. "दुसरं औषध नाही. ही गोळी जन्मभर घ्यावी लागेल. हिला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा." मग त्यांनी नियम सांगितला. आधी पाव गोळी. महिना-दीड महिना गेला की अर्धी. मग पाऊण. मग एक. इतकी वर्षं मंद पडलेलं काळीज एकदम पळवायला गेलं तर ते थांबेल. घाई करू नका, हे त्यांनी मला तीनदा बजावलं. माणसं बरोबर ओळखत होत्या बाई.

परतीच्या वाटेवर तुम्ही विचारलंत, कसली गोळी हाय गं. मी म्हटलं, मुळी आहे. डोंगरातली. तुम्ही विचारलंत, कुठल्या डोंगरातली. मी म्हटलं, लांबच्या, हिमालयातल्या. तुम्ही बरं म्हणालात आणि बाहेर बघत बसलात. ज्या बाईनं जन्मात अंडं फुटलेल्या जागेवर पाय ठेवला नाही, लिंगपूजेआधी पाण्याचा थेंब घेतला नाही, तिच्या तोंडात मी मेंढ्याचं मांस घालणार होते. पण माझ्यापुढं दोनच वाटा होत्या, आणि दुसऱ्या वाटेवर तुम्ही नव्हता.

तेव्हापासून ती मुळी झाली. सकाळी मी अडकित्त्यानं गोळीचे चार भाग करायची आणि एक तुमच्या तळहातावर ठेवायची. तुम्ही गळ्यातली डबी खांद्यावरून मागं पाठीवर सारायच्या, पाण्याबरोबर गोळी घ्यायच्या, मग डबी पुन्हा पुढं आणून आंघोळीला जायच्या. आंघोळ झाली की पूजा. पूजेआधीचा पाण्याचा थेंबसुद्धा चुकवणाऱ्या तुम्ही पूजेआधी गोळी घेता, याचं मला एकदा नवल वाटलं होतं. उपाशीपोटी घ्यायचं औषध आहे म्हणून घेत असाल, असं मी समजले. डबीचं तर मी मनावरच घेतलं नाही. रांजणातलं पाणी काढायला वाकताना डबी मध्ये येत असेल, म्हणून मागं सारत असाल. मी हुशार ना, माझ्याकडं प्रत्येक गोष्टीला कारण तयार.

पहिला महिना काहीच झालं नाही. दुलई तशीच, डोळे तसेच. मी चिडचिड करायला लागले. तुम्ही मात्र अंगणातल्या तुळशीला पाणी घालावं तशी ती पाव गोळी घेत होता, रोज, तक्रार नाही की विचारणा नाही. अर्धी घेऊन तर बघा, मी म्हणायची. तिनं पाव सांगितलीय, पाव, तुम्ही म्हणायच्या.

मग मी एक अक्कलशून्य काम केलं, त्याची तुमच्याकडं नीट माफीही मागितली नाही. सहा दिवस तुम्हांला न सांगता दुप्पट दिली. दोन तुकडे एकत्र. तुमची नजर मंद होती, तुम्हांला कळणार नाही असं वाटलं. सातव्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरातला खांब धरून खाली बसलात. श्वास लागलेला, ओठ निळे, आणि कपाळावर घाम. नऊ वर्षांत तुम्हांला आलेला तो पहिला घाम. मी क्षणभर खूश झाले हो अक्का! औषध लागू पडलं, असं मला वाटलं. तुमचा हात छातीवर कसा आवळला होता, ते त्यानंतर दिसलं.

चार दिवस तुम्ही पडून होता. चौथ्या दिवशी मी सगळं कबूल केलं. तुम्ही दुलई हनुवटीपर्यंत ओढून घेतलीत. मग म्हणालात, "म्या नऊ वरसं थांबले सुशी. तुला नऊ दिस थांबवंना व्हय?"

तिथून मी थांबायला शिकले. तुमच्याकडूनच शिकले. बरं होणं दिसत नाही, ते एखाद्या दिवशी अचानक हाताला लागतं. एकदा तुम्ही माझ्या गालाला हात लावलात आणि तो कोमट होता. मग बांगड्या सैल झाल्या. मग एक दिवस अण्णांनी दुकानातून विचारलं, आत कोण पाव्हणी आलीय. तो तुमचाच आवाज होता, तो ते विसरून गेले होते. अण्णा आत आले, दारात उभे राहिले आणि परत गेले. त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं. भुवया सगळ्यात शेवटी आल्या, वर्ष उलटून गेल्यावर. मी बोटानं त्या चाचपून बघायची आणि तुम्ही माझा हात झटकायच्या. कडक भाकरी तुम्ही थापायला लागलात की मला मागं टाकायच्या. थापट्यांचा तो आवाज अंगणात ऐकू यायचा.

मधे पहिला श्रावण आला, त्यावरून आपलं भांडण झालं ते अर्धवटच राहिलं. तुम्ही महिनाभर गोळी बंद करायची म्हणालात. श्रावणात औषध नको. मी तोंड सोडलं. महादेवाचा महिना आहे, मला माहीत आहे, पण मुळीला काय श्रावण? झाडपाल्याला काय सोवळंओवळं? तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. मला वाटलं, तुम्ही शब्द शोधताय. मग म्हणालात, "बरं. मुळी हाय म्हणतीस तर घेते. सोमवारी तेवढी नगं." मी सोमवार सोडून दिले. पुढच्या श्रावणातही सोमवार सोडले. खरं सांगून टाकावं असं त्या काळात मला चारदा वाटलं. चारही वेळा तुमचा कोमट हात आठवला आणि मी गप्प बसले.

आणि मग रस्ता बंद झाला.

आधी नाक्यावर झडती कडक झाली, मग मोटारी थांबल्या, मग सोलापूरकडून मीठसुद्धा येईना. खाकीतली ती माणसं गावात फिरायला लागली. आपण त्यांचं नाव घेत नव्हतो, 'ते' म्हणायचो, तेही आवाज उतरवून. दुकानाची एक फळी तेवढी उघडी असायची. दुपारी कुत्री भुंकली तरी चूल विझवावीशी वाटायची. मला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, पण माहेर आता दुसऱ्या मुलखात होतं. माझं रडणं बघून तुम्ही म्हणालात, माहेर माहेर काय करतीस, म्या हाय न्हवं, तुझं बाळंतपण माझ्या हातनं व्हईल. तेव्हा बाटलीच्या तळाशी बोटभर गोळ्या होत्या.

अण्णा दोनदा गेले. पहिल्यांदा नाक्यावरून परत पाठवलं. दुसऱ्यांदा ते तिसऱ्या दिवशी चालत आले, डोक्याला रुमाल नव्हता आणि एक डोळा बंद झाला होता. काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही, तुम्हांलाही सांगितलं नसावं. तुम्ही त्यांच्या डोळ्यावर शेक दिलात आणि तिसऱ्यांदा जायचं नाही, अशी लिंगाची शपथ घातलीत.

मग आपण उतरू लागलो. एकीची पाऊण, पाऊणची अर्धी. जी पायरी दीड महिना वाट बघून चढलो होतो, ती एका सकाळी खाली. पुढं काय येणार, ते मला पाठ होतं. म्हणूनच भीती जास्त होती. भर वैशाखात तुम्ही विचारलंत, दुलई कुठं ठेवलीस गं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. ज्येष्ठात बांगड्या रुतल्या. आषाढात आवाज जड झाला. भाकऱ्या थापायचा आवाज मंदावत चालला, आणि मी चुलीपुढं तुमच्या शेजारी बसून माझा हात तुमच्याइतकाच हळू चालवायची, तुम्हांला जाणवू नये म्हणून. तुम्हांला जाणवलं असणारच. आपण दोघी उरलेल्या गोळ्यांबद्दल एक शब्द बोलत नव्हतो.

श्रावण आला तेव्हा पाव गोळीवर होतो. पहिल्या सोमवारी मी अडकित्ता काढलाच नाही. तुम्ही माझ्यापुढं हात पसरलात. मी म्हटलं, आज सोमवार आहे. "असू दे. दे," तुम्ही म्हणालात. डबी पाठीवर सारलीत आणि गोळी घेतलीत. मला किती बरं वाटलं! सोवळ्याचं खूळ सुटलं, अक्का शहाण्या झाल्या, असं मी आमच्या ह्यांना सांगितलंसुद्धा. श्रावणातला एकही सोमवार तुम्ही सोडला नाहीत. पुढं पावसात खोकला झाला, छाती भरली, दिवसाही तुम्ही झोपेतून पुरत्या बाहेर येईनात. तेवढी गोळी मात्र डोळे उघडून घ्यायच्या. शेवटचे तीन तुकडे, तीन सकाळींचे, मी कागदात बांधून, पाण्याच्या भांड्याजवळ, तुमच्या हाताशी ठेवले. जाण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही माझ्या पोटावर हात ठेवून बोटांवर मोजत राहिलात आणि म्हणालात, अजून दीड म्हैना.

त्या सकाळी मी उठून आले तर तुम्ही भिंतीला टेकून बसला होता, डोळे मिटून. मी सवयीनं बोलत राहिले. चहा टाकते म्हटलं. दूध नाही, गुळाचाच करते म्हटलं. चूल पेटवली. मग तुमचा हात धरला. तो गार होता, पण महिनाभर तो गारच होता, त्यामुळं मला लगेच कळलं नाही.

जवळ भांड्यात घोटभर पाणी होतं. कागद उलगडलेला, रिकामा. आणि तुमच्या छातीवर डबी नव्हती. दोरा तुटला की काय म्हणून मी गळ्याशी चाचपलं, तर दोरा खांद्यावरून मागं गेलेला. डबी पाठीवर होती. पुढं आणायला तुम्हांला वेळ मिळाला नव्हता.

तिथं रांजण नव्हता, वाकायचं काही नव्हतं. तुम्ही ताठ बसून भांड्यातलं पाणी प्यायला होता. मी डबी हातात धरून बसले आणि मला सोलापूरचा तो बाक आठवला. भिंतीला अश्शाच टेकून, अश्शाच डोळे मिटून तुम्ही बसला होता, आणि डॉक्टरीणबाई मला मेंढ्याची गाठ समजावत होत्या. डोळे जड व्हायचे, कान न्हाय.

पहिल्या दिवसापासून तुम्हांला माहीत होतं. जवळजवळ तीन वर्षं, रोज सकाळी, देवाला पाठीमागं करून तुम्ही ते गिळलंत, मग आंघोळ करून त्याच देवाला तळहातावर घेतलंत. मी खोटं बोलते हे माहीत असून मला खोटं बोलू दिलंत, कारण तुम्ही ते बोलून दाखवलं असतं तर तुम्हांला बाटवल्याचं पाप माझ्या वाट्याला आलं असतं. मी तुम्हांला सांभाळतेय असं मला वाटत होतं. एकदा, एकदाच म्हणायचं होतं हो, की सुशी, मला ठाव हाय. एकमेकींसमोर बसून आपण दोघी रडलो असतो. आणि या वर्षीचे सोमवार? ते तुम्ही कुणासाठी मोडलेत, ते आता पोटात लाथा मारतंय.

भाऊ मला न्यायला आला आहे. मी जाणार नाही म्हटलं. बाळंतपण याच घरात व्हायचं आपलं ठरलं होतं. गावात लोक मोकळे हिंडताहेत, पण भीती गेलेली नाही, तिनं फक्त गल्ली बदलली आहे. तुमच्या दुलईच्या पिंजाऱ्याच्या दाराला कुलूप आहे; तो 'त्यां'च्या धर्माचा, एवढाच त्याचा गुन्हा. बाटल्या मी फेकणार नाही. कुठल्यातरी घरात, दुलई घेऊन, डोळे मिटून बसलेली एखादी असेलच. ती सापडली की तिच्यासमोर बसून मी खरं काय ते सांगेन, मग तिचं ती ठरवेल.

जंगम अय्या आले, तुम्हांला समाधीत बसवलं, डाव्या तळहातावर लिंग ठेवलं, सगळं रीतीनं झालं. मी दिवसांत असल्यानं मला लांब ठेवलं होतं. अय्यांनी काही विचारलं नाही, कुणीच काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही दिसलंच नाही त्यांना. त्या सकाळी मी डबी पुढं घेतली, छातीवर नीट ठेवली, तुमचा पदर सारखा केला, आणि मग अण्णांना हाक मारली.